मी दाबलंय बे, हा वळतच नाही! फुटबॉल गेममधल्या पळण्या-वळण्यामागची भानगड

सोलापुरात कुठल्याही गेम झोनमध्ये जावा, जुळे सोलापूरला जावा नाहीतर अशोक चौकाकडं, फुटबॉलची मॅच लागली की दोन तक्रारी ऐकू येणारच. पहिली, "मी दाबलंय बे, हा वळतच नाही!" आणि दुसरी, "पाय बघ की याचे, जमिनीवरून घसरायलेत, खरं वाटतंय का हे?" गंमत अशी की या दोन्ही तक्रारी एकमेकींच्या बरोबर उलट्या आहेत. पहिलीवर इलाज केला की दुसरी वाढते, दुसरीवर केला की पहिली. गेली तीस वर्षं या गेम बनवणाऱ्या कंपन्या याच दोन तक्रारींच्या मधे अडकलेल्या आहेत आणि दरवर्षी नवीन गेम आला की "यंदा मूव्हमेंट एकदम रिअल" असं जे सांगतात ना, ते म्हणजे काटा या दोघांच्या मधे नेमका कुठं ठेवला एवढंच असतं. ग्राफिक्सचा याच्याशी फार संबंध नाही. चेहऱ्यावरचा घाम कितीही भारी काढा, पाय घसरला की सगळं खोटं वाटतं.

आधी एक आकडा डोक्यात ठेवा, ६०. आताच्या कन्सोलवर हे गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात गेमला तुमच्या रिमोटची स्टिक कुठं वळलीय ते वाचायचं असतं, बावीसच्या बावीस प्लेयरनी आता काय करायचं ते ठरवायचं असतं, प्रत्येकाचं शरीर कुठल्या पोझमध्ये असेल ते काढायचं, बॉल पुढं सरकवायचा, कोण कुणाला धडकलं ते तपासायचं आणि वर परत हे सगळं चित्र, गर्दीसकट, काढायचं. हे झालं की लगेच पुढची फ्रेम. त्यामुळं "एवढा भारी कन्सोल आणि एवढं साधं जमत नाही?" असं म्हणण्याआधी त्याच्या हातात किती वेळ आहे तेवढं बघा.

आता मुद्द्याचं. स्क्रीनवर जो प्लेयर पळतो त्याला हाडं-स्नायू असं काही नसतं. म्हणजे हाडांचा सांगाडा असतो पण तो स्वतःच्या ताकदीनं पळत नाही, तो रेकॉर्ड केलेल्या हालचाली वाजवत असतो. खऱ्या खेळाडूंना स्टुडिओत आणून अंगावर मार्कर किंवा सेन्सर लावतात, पळायला लावतात, वळायला लावतात, पडायला लावतात आणि त्या हालचालींचे हजारो छोटे छोटे तुकडे गेममध्ये भरतात. याला मोशन कॅप्चर म्हणतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतंय. पण खरी डोकेदुखी तुकडे गोळा करण्यात नाही, एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाण्यात आहे.

समजा तुमचा विंगर, म्हणजे कडेनं पळणारा प्लेयर, फुल स्पीडनं पळतोय आणि तुम्ही स्टिक डावीकडं मारली. नेमकं त्या क्षणी त्याचे दोन्ही पाय हवेत आहेत. खऱ्या माणसाचे पाय हवेत असताना तो वळू शकतो का? नाही. पाय जमिनीवर टेकल्याशिवाय जमिनीला ढकलता येत नाही आणि ढकलल्याशिवाय दिशा बदलत नाही, शाळेतला न्यूटन आठवा. जोरात पळणारा माणूस सेकंदाला चारेक पावलं टाकतो, म्हणजे एक पाऊल साधारण पाव सेकंदाचं, म्हणजे १५ फ्रेम. गेमनं प्रामाणिकपणे पाय टेकायची वाट बघायची ठरवली तर सरासरी सात-आठ फ्रेम, म्हणजे १२० मिलिसेकंदाच्या आसपास काहीच होणार नाही. आणि वळायला उजवाच पाय पाहिजे असेल अन् टेकणार आहे डावा, तर अजून एक पाऊल थांबा. त्यात रिमोटपासून स्क्रीनपर्यंत सिग्नल जायचा उशीर मिळवा, टीव्हीचा उशीर मिळवा, ऑनलाइन असाल तर नेटचा मिळवा, पाव सेकंद कुठं गेला कळत पण नाही. मग येतो तो डायलॉग, मी दाबलंय बे.

दुसरा रस्ता म्हणजे वाट न बघता लगेच वळवायचं. चालू तुकडा मधेच तोडायचा, नवीन चालू करायचा आणि दोन्हीची सरमिसळ करून पाच-सहा फ्रेममध्ये सांधा झाकायचा. अंगठा खुश. पण त्या पाच-सहा फ्रेममध्ये पाय एकीकडं सांगतोय आणि शरीर दुसरीकडं जातंय, म्हणून बूट गवतावरून सरकताना दिसतो. त्यावर उपाय म्हणून अजून एक जुगाड असतो, टेकलेला पाय जमिनीला खिळवून ठेवायचा आणि गुडघा-कंबरेचे कोन उलटीकडून गणित करून त्याला जुळवायचे. हा जुगाड थोड्या फरकाला चालतो, फरक जास्त झाला की गुडघा असा काही वाकतो की बघवत नाही. रिप्लेमध्ये स्लो मोशन करून बघा, दिसेल.

हे झालं पावलाचं. वळण्याचं फिजिक्स वेगळंच आहे, आणि माझ्या मते गेम खरा वाटतो की नाही हे सगळ्यात जास्त इथं ठरतं. स्कूटरवर पायापाशी गॅसची भरलेली टाकी ठेवून सात रस्त्याला वळून बघा, वेग कमी केल्याशिवाय वळता येत नाही आणि वळताना अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं. पळणाऱ्या माणसाला पण हाच नियम. गणित एका ओळीचं आहे, वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या, जेवढं उत्तर येईल तेवढा जोर बुटाखालच्या गवतानं दिला पाहिजे. प्लेयर सेकंदाला ८ मीटरनं पळतोय धरा, म्हणजे ताशी २९ किलोमीटरच्या आसपास, आणि तुम्हाला तो २ मीटरच्या त्रिज्येत वळायला पाहिजे. ८ चा वर्ग ६४, भागिले २, उत्तर ३२. गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९.८, म्हणजे त्याच्या तिपटीहून जास्त. एवढी पकड कुठल्याच बुटात नसते. पकड गुरुत्वाकर्षणाएवढी धरली तरी त्या वेगाला साडेसहा मीटर त्रिज्येचं वळण लागेल, नाहीतर २ मीटरमध्ये वळायचं असेल तर वेग सेकंदाला ४.४ मीटरवर, म्हणजे ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास आणावा लागेल. थोडक्यात खरा विंगर वळतो तेव्हा आधी ब्रेक मारतो, छोटी छोटी पावलं टाकतो, बूड खाली घेतो, मग वळतो, मग परत वेग पकडतो. हा ब्रेक मारण्याचा भाग गेममध्ये दिसला की आपल्याला न कळत "याला वजन आहे" असं वाटतं. नाही दिसला की मग प्लेयर म्हणजे नुसता कर्सर, त्याला फुटबॉलचे कपडे घातलेले.

जुन्या गेममध्ये तर दिशाच आठ असायच्या. चार सरळ, चार तिरक्या, बस्स. त्यामुळं प्लेयर कोन करून करून पळायचे आणि आपल्याला तेव्हा त्याचं काही वाटायचं पण नाही. ईए कंपनीच्या फिफा गेममध्ये, फिफा १० ला, म्हणजे २००९ ला, ३६० अंशांत ड्रिबल करता (बॉल पायाशी घेऊन पळता) यायला लागलं आणि त्या दिवसापासून कंपनीची डोकेदुखी वाढली असं मी म्हणेन, कारण आठ दिशांसाठी तुकडे रेकॉर्ड करणं जमतंय, ३६० साठी कसं करणार? प्रत्येक वेग, प्रत्येक कोन, डावा पाय पुढं का उजवा, बॉल जवळ का लांब, दमलेला का ताजा, सगळ्यांचा गुणाकार केला तर स्टुडिओत माणसं आयुष्यभर पळत बसतील.

इथं कामाला आली ती मोशन मॅचिंग नावाची आयडिया. फुटबॉलवाल्यांच्या आधी ती गाजली तलवारबाजीच्या गेममध्ये, युबिसॉफ्टच्या फॉर ऑनर मध्ये, २०१७ साली. आयडिया ऐकायला सोपी आहे. तुकडे कापून त्यांना नावं देत बसायचं नाही, "डावं वळण", "उजवं वळण" असलं काही नाही. सगळं रेकॉर्डिंग सलग एका ढिगात टाकायचं. मग गेम चालू असताना दर काही फ्रेमनी दोन प्रश्न विचारायचे: आत्ता शरीर कुठल्या पोझमध्ये आहे आणि पुढच्या एका सेकंदात त्याला कुठल्या वाटेनं जायचंय? या दोन्हीला सगळ्यात जवळची फ्रेम अख्ख्या ढिगातून शोधायची आणि तिथून पुढं वाजवायचं. पोझ जुळते म्हणून झटका बसत नाही, वाट जुळते म्हणून अंगठ्याचं ऐकल्यासारखं वाटतं. आणि इथं पण तोच जुना काटा आहे बघा, पोझ जुळण्याला जास्त मार्क द्यायचे का वाट जुळण्याला? पोझला जास्त दिले की प्लेयर देखणा पण आळशी, वाटेला जास्त दिले की चपळ पण घसरगुंडी. ते मार्क किती ठेवायचे हे कुठलंही फिजिक्स सांगत नाही, ते माणसं बसून, खेळून, भांडून ठरवतात.

फिफा २२ ला ईएनं हायपरमोशन म्हणून मोठा गाजावाजा केला. त्यात एक गोष्ट खरंच नवीन होती, एकट्या-दुकट्याला स्टुडिओत पळवण्याऐवजी बावीस खेळाडूंना सेन्सरवाले सूट घालून पूर्ण अकरा विरुद्ध अकरा मॅच खेळायला लावली आणि ती रेकॉर्ड केली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ८७ लाख फ्रेमचा डेटा मशीन लर्निंगला शिकवायला वापरला, म्हणजे बॉलपाशी जाताना शेवटची पावलं छोटी किती, मोठी किती, हे आता कुणी हातानं ठरवत नाही, ते शिकलेलं मॉडेल ठरवतं. (हे नवीन कन्सोलवाल्यांना मिळालं, पीसीवाल्यांना त्या वर्षी जुनंच गळ्यात मारलं, त्यावरून बोंबाबोंब झाली ती बरोबरच होती.) नंतर एफसी २४ ला (ईएच्या फिफा गेमचं २०२३ पासूनचं नवं नाव) १८० हून जास्त खऱ्या प्रोफेशनल मॅचेसच्या कॅमेऱ्यांतून हालचाली काढल्या असं सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खरा डेटा आहे तर अजून खोटं का वाटतंय? मला जे पटतं ते सांगतो. खरा प्लेयर मॅचमध्ये बहुतेक वेळ चालतो नाहीतर हळू पळतो. स्प्रिंट मारतो ती थोडीच आणि तीही कारण असल्यावर. आपण काय करतो? किकऑफ झाला की स्प्रिंटचं बटण जे दाबून धरतो ते हाफटाइमलाच सोडतो. त्यावर उजवी स्टिक गोल गोल फिरवून एकाच जागी चार वेळा स्किल मूव्ह मारायची, मग फुल स्पीडमध्ये १८० अंशात वळायचं. हे खऱ्या मैदानावर कुणी करतच नाही, म्हणजे डेटामध्ये ते असणार कुठून? नेमकं जिथं आपण सगळ्यात जास्त खेळतो तिथंच खरा डेटा सगळ्यात पातळ आहे, आणि तिथं गेमला परत जुन्या ओढाताणीवर यावं लागतं. मेसी कसा चालतो हे त्याला लाख वेळा माहितीये. आपण मेसीला कसं पळवणार हे त्याला माहीत नाही.

बॉलचं मात्र सगळं उलटं आहे. बॉलला हाडं नाहीत, मूड नाही, त्यामुळं तो खरोखर फिजिक्सनं चालवता येतो. नियमाप्रमाणे बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा आणि घेर ६८ ते ७० सेंटीमीटर. हवेत गेला की त्याच्यावर तीन गोष्टी काम करतात, खाली ओढणारं वजन, मागं खेचणारी हवा आणि बॉल फिरत असेल तर बाजूला ढकलणारा जोर, ज्याला मॅग्नस इफेक्ट म्हणतात. ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसची फ्री किक सगळ्यांनी रीलवर पाहिलीच असेल, ३ जून १९९७, फ्रान्समधल्या लिऑंला, ३५ मीटरच्या आसपास अंतरावरून. बॉल आडव्या उभ्या राहिलेल्या प्लेयरच्या भिंतीच्या बाहेरून गेला, गोलच्या बाहेर चाललाय असं वाटत असताना आत वळला आणि फ्रान्सचा गोलकीपर बार्थेझ जागचा हलला नाही. यात मजा ही की बॉलचा वेग हवेमुळं कमी होत जातो पण फिरकी तेवढ्या लवकर कमी होत नाही, म्हणून वळण शेवटी शेवटी जास्त घट्ट होत जातं. फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१० ला यावर अभ्यास करून दाखवलं की पुरेसं लांब अंतर मिळालं तर अशा बॉलचा मार्ग गोगलगायीच्या शंखाचा आकार घेतो. गेममध्ये हे बसवणं तुलनेनं सोपं आहे, एकच वस्तू, तीन जोर, दर फ्रेमला थोडंसं पुढं.

त्याच २०१० च्या वर्ल्ड कपचा जाबुलानी बॉल आठवतोय का? आठच पॅनल, जास्त गुळगुळीत, आणि फिरकी नसताना हवेत असा डुचमळायचा की गोलकीपर शिव्या घालायचे. नासाच्या एम्स सेंटरनं पण तो तपासला होता. असल्या बारकाव्यासाठी शिवणीभोवतीची हवा कशी तुटते ते मोजावं लागतं, आणि तेवढा वेळ १६ मिलिसेकंदात नसतो, म्हणून गेममध्ये त्याच्या जागी एक सोपं सूत्र बसवतात.

पण बॉल फिजिक्सवर चालतो म्हणजे किक पण फिजिक्सवर चालते असं समजू नका. आपल्याला वाटतं पाय जोरात आला, बॉलला लागला, बॉल गेला. बहुतेक गेममध्ये क्रम उलटा असतो. तुम्ही शॉटचं बटण दाबलं की गेम आधी हिशोब करतो, बटण किती वेळ धरलं, प्लेयरचं शूटिंग रेटिंग किती, तोल कसा आहे, मागून कुणी ढकलतंय का, कमजोर पाय आहे का, त्यातून चूक किती घालायची ते काढतो आणि बॉलचा वेग अन् दिशा ठरवून टाकतो. मग त्याला शोभेल अशी किक शोधून, पाय बॉलपर्यंत वेळेत पोचेल असं जुळवून दाखवतो. बूट बॉलला लागतो तेव्हा निकाल आधीच लागलेला असतो. खोटेपणा आहे का? आहे. पण दुसरं काही केलं तर पाय दोन सेंटीमीटर इकडं तिकडं झाला की बॉल थेट प्रेक्षकांत जाईल, आणि आपण रिमोट फेकून देऊ. खऱ्या फुटबॉलपटूला ते दोन सेंटीमीटर सांभाळायला लहानपणापासूनची प्रॅक्टिस लागते, आपल्याकडं एक बटण आहे.

आता एक टेक्निकल पण भारी गोष्ट. जोरात मारलेला बॉल सेकंदाला ३० मीटर जातो, ताशी १०८ किलोमीटर. ६० नं भागा, एका फ्रेमला अर्धा मीटर. बॉलचा व्यास २२ सेंटीमीटर. म्हणजे या फ्रेमला बॉल डिफेंडरच्या पायाच्या अलीकडं आहे आणि पुढच्या फ्रेमला पलीकडं, मधे तो पायाला लागलाच नाही! पायातून आरपार. म्हणून फक्त "आत्ता कुठं आहे" एवढं बघून भागत नाही, दोन फ्रेमच्या मधल्या अख्ख्या वाटेवर काही आडवं आलंय का ते तपासावं लागतं, नाहीतर फ्रेमचे अजून बारीक तुकडे करून बॉल चालवावा लागतो.

आणि गोलकीपर? पेनल्टी स्पॉट ११ मीटरवर, त्या वेगानं बॉल ०.३७ सेकंदात आत. माणसाला बघून हलायलाच ०.२ सेकंद जातात, उरलेल्यात अडीच मीटर उडी मारायची. गेमच्या कीपरला मात्र बॉल सुटल्या सुटल्या तो कुठं जाणार हे माहीत असू शकतं, कारण वाट आधीच मोजलेली आहे. म्हणजे त्याला हुशार करायची गरज नसते, मुद्दाम उशीर करायला, मुद्दाम चुकायला शिकवायचं असतं. कधी कधी कीपर भलताच भारी सेव्ह करतो आणि पुढच्याच मिनिटाला हातातून लोळत जाणारा बॉल सोडतो, तेव्हा त्या मुद्दाम घातलेल्या चुकीचं प्रमाण थोडं बिघडलंय असं समजा.

टप्प्याबद्दल पण बोलतो कारण आपल्याकडं कुणी बोलत नाही. बॉल २ मीटरवरून सोडला तर फिफाच्या (गेम नव्हे, जागतिक फुटबॉल संघटना) सगळ्यात वरच्या दर्जाच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, तो ६० ते ८५ सेंटीमीटर उसळला पाहिजे असा नियम आहे, आणि बॉलची स्वतःची टेस्ट करताना तोच बॉल स्टीलच्या प्लेटवर १३५ ते १५५ सेंटीमीटर उसळावा लागतो. मे महिन्यात आपल्या मुरमाच्या मैदानावर जे खेळलेत त्यांना माहितीये, आपला टप्पा स्टीलच्या बाजूला जास्त जातो. म्हणून इथली पोरं गेममध्ये पहिल्यांदा लाँग बॉल घेताना थोडी पुढं पळून जातात, त्यांचं शरीर उंच टप्प्याची वाट बघत असतं. कोल्हापूरसारखं पेठापेठांत फुटबॉल आपल्याकडं नाही, निम्म्या लोकांनी हा खेळ मैदानाच्या आधी स्क्रीनवर शिकलाय, तरी जे थोडंफार खेळलेत त्यांना हा फरक लगेच कळतो.

धडका हा सगळ्यात हसवणारा भाग. आधीच्या गेममध्ये दोन प्लेयर धडकले की ठरलेलं पडणं वाजायचं, प्रत्येक वेळी तेच. फिफा १२ ला, २०११ मध्ये, प्लेयर इम्पॅक्ट इंजिन आलं, म्हणजे धडक कुठं बसली, किती जोरात, कुठल्या कोनात, यावरून शरीर खरोखर फिजिक्सनं हलायला लागलं. आयडिया बरोबर होती. पण दोन सांगाडे एकमेकांत अडकले की फिजिक्सला कळेना सोडवायचं कसं, आणि इंटरनेटवर प्लेयर एकमेकांना मिठ्या मारतायत, मुके घेतायत असले व्हिडिओ धो धो फिरले. अडचण खरी अशी आहे की शरीर फिजिक्सच्या ताब्यात दिलं की ते मेल्यासारखं कोसळतं, कारण त्यात तोल सावरायची इच्छा नसते. जिवंत माणूस पडताना हात पुढं करतो, एक पाऊल जास्त टाकतो, कधी कधी पडतच नाही. तसला सावरणारा सांगाडा युफोरिया नावाच्या तंत्रानं २००८ च्या जीटीए ४ मध्ये दाखवला, २०१० ला बॅकब्रेकर नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या गेमनं अख्खा खेळच त्यावर उभा केला. आपल्या फुटबॉलमध्ये अजून एक भानगड वाढते, पडलेल्याला लगेच उठून परत रेकॉर्ड केलेल्या हालचालीत घुसायचं असतं, आणि रेफ्रीला पण कळायला पाहिजे की आधी बॉलला पाय लागला का माणसाला.

एवढं सगळं अगदी परफेक्ट जमलं असं समजा, तरी एक गोष्ट कधीच खरी होऊ शकत नाही, ती म्हणजे वेळ. ऑनलाइन मॅच बारा मिनिटांची असते आणि घड्याळ नव्वद दाखवतं, साडेसात पट. खरा मिडफिल्डर नव्वद मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर पळतो, गेममध्ये त्याच वेगानं पळाला तर बारा मिनिटांत दीड किलोमीटर पण होत नाही, पण त्याला दमलेला तर दाखवायचाय, म्हणून थकवा साडेसात पट जोरात चढवावा लागतो. गोलचं पण तेच. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये ६४ मॅचमध्ये १७२ गोल झाले, मॅचला पावणेतीनच्या आत. त्या दरानं बारा मिनिटांत एक-तृतीयांश गोल, म्हणजे तीन मॅच खेळल्यावर एक! गेम झोनला तासाचे पैसे मोजून कोण बसेल बे? म्हणून मग सगळं दाट करावं लागतं, पास जास्त अचूक, डिफेंडर थोडे झोपलेले, प्लेयर जरा जास्त चपळ, वळणं जरा जास्त घट्ट. वर जे वळणाचं गणित केलं ते पाळलं तर अटॅक करायला वेळच पुरणार नाही. म्हणजे हा खोटेपणा आळसातून नाही आला, तो बारा मिनिटांतून आलाय, आणि मला विचाराल तर निम्म्या तक्रारींचं मूळ इथंच आहे.

या दाट करण्यातून कधी कधी भलतंच होतं. फिफा २३ मध्ये प्लेयरचे पळण्यावरून तीन प्रकार केले, सुरुवातीला झटकन वेग घेणारे, सावकाश वेग घेऊन लांब अंतरात ओलांडणारे, आणि मधले. कल्पना खरीच आहे, बुटका आणि उंच माणूस एकसारखा वेग घेत नाहीत. पण त्या सावकाशवाल्यांचा हिशोब असा काही बसला की व्हॅन डायकसारखे सेंटर बॅक, म्हणजे मधले उंच डिफेंडर, लांब पळतीत भल्या भल्या विंगरना गाठायला लागले आणि लोकांनी टीमच्या टीम तसल्या उंच प्लेयरनी भरल्या. एफसी २४ ला मग तीनाचे सात प्रकार केले.

ईएच्या स्पर्धक कोनामीवाल्यांचं दुःख वेगळं. त्यांचा पेस (प्रो इव्होल्यूशन सॉकर) खेळलेली मंडळी अजून सांगतात की त्यात प्लेयरला वजन जाणवायचं, पास पडायचा तेव्हा बॉल वेगळा आणि पाय वेगळा वाटायचा, आणि जुन्या पीसीवर पेस १३ ला पॅच मारून खेळणारे आजही भेटतील. मग त्यांनी इंजिन बदललं, नाव बदललं, आणि ३० सप्टेंबर २०२१ ला ईफुटबॉल काढला तेव्हा त्याच्या चेहऱ्यांपासून हालचालींपर्यंत सगळ्याची एवढी टर उडाली की स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात तो सगळ्यात वाईट रेटिंगच्या गेमांत जाऊन बसला. नंतर बराच सुधारला, मोबाइलवर पण चालतो. फक्त फोन साधा असेल आणि ३० फ्रेमवर चालत असेल तर एक फ्रेम ३३ मिलिसेकंदाची, म्हणजे वर सांगितलेला सगळा उशीर अजून वाढला.

आता घरी करण्यासारखं थोडं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो तो चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ५० ते १०० मिलिसेकंद सहज खातो आणि शिव्या गेमला बसतात. दुसरं, मित्राबरोबर एकाच सोफ्यावर किंवा कॉम्प्युटरविरुद्ध खेळत असाल तर एफसीमध्ये स्लायडर असतात, सगळे ५० वर ठेवलेले. स्प्रिंटचा वेग आणि ॲक्सिलरेशन थोडं थोडं खाली आणा, पासची चूक थोडी वर न्या आणि हाफ सहाऐवजी दहा-बारा मिनिटांचा करा. एकदम नका बदलू, दोन-दोन आकड्यांनी सरका. वेळ वाढली की थकवा आणि गोल दोन्ही आपोआप जागेवर येतात, वेग कमी झाला की रेकॉर्ड केलेल्या हालचालींना पूर्ण वाजायला जागा मिळते आणि पाय घसरायचे बऱ्यापैकी कमी होतात. पहिल्या दोन-तीन मॅच जड वाटतील, मित्र कुरकुर करेल. अल्टिमेट टीममध्ये, म्हणजे आपली टीम जमवून ऑनलाइन खेळायच्या प्रकारात, मात्र हे स्लायडर चालत नाहीत, तिथं कंपनीनं काटा जिथं ठेवलाय तिथंच खेळावं लागतंय.